अनुमोदना

‘झालं गेलं गंगेला मिळालं’ असं आपण म्हणतो. आमच्या सुरतेत नदी तापी, पण म्हण तीच चालते. भावाभावांतली वाटणी असो, लग्नातला मानापमान असो, सासूसुनेचं जुनं बोलणं असो, कधीतरी कुणीतरी हे वाक्य उच्चारतं आणि ताटं वाढली जातात. घर चालवायचं तर हे वाक्य लागतंच. मी तीस वर्षं घर चालवते आहे, त्यामुळे त्याची किंमत मला माहीत आहे.

पण हेच वाक्य देशाच्या बाबतीत कुणी म्हणायचं? ज्याचं गेलं त्यानं, की ज्याचं काहीच गेलं नाही त्यानं?

हा प्रश्न माझ्या मनात आला तो कादंबऱ्या वाचता वाचता. गेली काही वर्षं मी हुकूमशाहीच्या काळावर बायकांनी लिहिलेल्या कथा-कादंबऱ्या जमतील तशा वाचते आहे. चिलीत ११ सप्टेंबर १९७३ रोजी लष्करानं सत्ता बळकावली. त्या काळाची सावली असलेली इसाबेल आयेंदे यांची ‘द हाऊस ऑफ द स्पिरिट्स’ १९८२ मध्ये आली. दक्षिण कोरियात मे १९८० मध्ये ग्वांगजू शहरात सैन्यानं स्वतःच्याच नागरिकांवर गोळ्या झाडल्या. त्यावर हान कांग यांनी २०१४ मध्ये ‘ह्युमन अ‍ॅक्ट्स’ ही कादंबरी लिहिली, आणि २०२४ मध्ये त्यांना नोबेल मिळालं तेव्हा आपल्याकडेही ती वाचली जाऊ लागली. रुमानियाच्या हेर्टा म्युलर यांना २००९ मध्ये नोबेल मिळालं, त्यांचं लेखनही याच जातीचं. देश वेगळे, भाषा वेगळ्या. पण या बायका लिहितात ते बव्हंशी घराबद्दल. दाराची कडी, शेजारणीची नजर, जेवणाच्या टेबलावरची न बोललेली गोष्ट. रणगाडे त्यांच्या पुस्तकात असतात, पण खिडकीतून दिसतील तेवढेच.

आम्ही सहा-सात मराठी बायका महिन्यातून एकदा दुपारी कुणाच्या तरी घरी जमतो. भिशीचं निमित्त, पण पुस्तकंही निघतात. यातल्या निम्म्या खानदेशातून लग्न होऊन सुरतेला आलेल्या, माझ्यासारख्याच. एकदा एकीनं विचारलं, ‘‘आपल्याकडे आणीबाणी झाली ना? तिच्यावर बाईनं लिहिलेली मराठी कादंबरी सांगा बरं.’’ आठवणी निघाल्या, भाषणं निघाली, तुरुंगातली पत्रं निघाली. कादंबरीचं नाव मात्र कुणाच्या ओठावर पटकन आलं नाही. चहा झाला, विषय बदलला. माझ्या डोक्यातून तो गेला नाही.

आणीबाणी २५ जून १९७५ ते २१ मार्च १९७७, म्हणजे एकवीस महिने. पुढे शहा आयोगानं जे आकडे मांडले त्यांप्रमाणे ‘मिसा’ आणि भारत संरक्षण कायद्याखाली मिळून एक लाख दहा हजारांहून जास्त माणसं आत टाकली गेली. आमच्या सुरतेचे तेव्हाचे खासदार होते मोरारजी देसाई. त्यांना पहिल्याच पहाटे उचललं आणि जानेवारी १९७७ पर्यंत सोडलं नाही. गुजरातेत सुरुवातीला बाबुभाई पटेल यांचं जनता मोर्चाचं सरकार होतं, त्यामुळे मार्च १९७६ मध्ये ते पडेपर्यंत इथं बाकी देशाच्या मानानं थोडा मोकळा वारा होता. सासरचे जुने लोक सांगतात की बाहेरून येणारी माणसं इथं आल्यावर जरा मोठ्यानं बोलायची.

मराठी बायकांनी त्या काळात काय केलं हे आठवलं तर मान ताठ होते. डिसेंबर १९७५ मध्ये कऱ्हाडला साहित्य संमेलन झालं, अध्यक्ष दुर्गाबाई भागवत. कुसुमावती देशपांडे यांच्यानंतर अध्यक्ष झालेल्या त्या दुसऱ्याच बाई. स्वागताध्यक्ष केंद्रातले मंत्री यशवंतराव चव्हाण. जयप्रकाश नारायण तेव्हा फार आजारी होते. दुर्गाबाईंनी सगळ्या सभेला उभं राहून त्यांच्यासाठी प्रार्थना करायला लावली. पुढे त्यांनाही अटक झाली. आणि सुटल्यावर सरकारी मानसन्मान म्हणून त्यांनी आयुष्यभर घेतला नाही.

मृणालताई गोरे भूमिगत होत्या, मग पकडल्या गेल्या. अकोल्याच्या तुरुंगात त्यांच्या शेजारच्या कोठडीत कुष्ठरोगी बाई आणि समोर रात्रंदिवस ओरडणारी वेडी बाई होती. प्रमिलाताई दंडवते येरवड्याला आणि मधू दंडवते बंगळूरच्या तुरुंगात. नवराबायको एका देशात, दोन तुरुंगांत, आणि मधून सेन्सॉरच्या हाताखालून जाणारी पत्रं. बंगळूरच्याच तुरुंगात स्नेहलता रेड्डी होत्या, ‘संस्कार’ चित्रपटातल्या अभिनेत्री. बडोदा डायनामाइट प्रकरणाच्या संशयावरून त्यांना मे १९७६ मध्ये धरलं. दम्याचा आजार. आठ महिन्यांनी पॅरोलवर बाहेर काढलं आणि जानेवारी १९७७ मध्ये, सुटल्यावर काही दिवसांतच, त्या गेल्या. त्यांनी कोठडीत लिहिलेली डायरी मागं राहिली.

हे सगळं लिहिलं गेलं आहे. छापलं गेलं आहे. मग कादंबरीच कशाला हवी, असं तुम्ही म्हणाल.

मला वाटतं, ती हवी, कारण वर सांगितलेल्या सगळ्या आठवणी विरोध करणाऱ्यांच्या आहेत. त्यांना आठवायला लाज वाटत नाही. जो ताठ उभा राहिला तो पन्नास वर्षांनीही सांगतो, आणि सांगावंच. पण देशात तेव्हा साठ कोटींच्या घरात माणसं होती. त्यातली एक लाख दहा हजार तुरुंगात गेली म्हणजे बाकीची बाहेर होती. त्यांचं काय? त्यांच्या आठवणी कुठं आहेत? बाहेर राहिलेला माणूस डायरी लिहीत नाही, कारण त्याला वाटतं आपल्या बाबतीत काही घडलंच नाही. ‘गाड्या वेळेवर यायच्या,’ एवढीच त्याची आणीबाणी. ‘हापिसातले लोक वेळेवर यायचे, साठेबाज सरळ झाले होते.’ माझ्या लहानपणी घरी येणारे पाहुणे हेच बोलायचे, आणि बोलताना त्यांच्या चेहऱ्यावर समाधान असायचं.

आमच्याकडे हिंसेचा विचार करताना तीन गोष्टी मोजतात. स्वतः करणं, दुसऱ्याकडून करवून घेणं, आणि कुणी करत असेल त्याला मनानं होकार देणं. कृत, कारित, अनुमोदित. लहानपणी पाठशाळेत हे शिकवलं तेव्हा मला तिसरं फार अन्यायाचं वाटायचं. हात लावला नाही, सांगितलं नाही, नुसतं मनात ‘बरं झालं’ म्हटलं तर त्याचंही पाप? पण वय वाढलं तसं कळत गेलं की जगातलं बरचसं वाईट या तिसऱ्यावरच उभं असतं. पहिलं करणारे मूठभर, दुसरं करवून घेणारे त्याहून कमी. त्यांना बळ मिळतं ते तिसऱ्याकडून. अनुमोदनेला पुरावा नसतो, साक्षीदार नसतो, कुठला आयोग ती नोंदवू शकत नाही. तिची चौकशी करायची तर मनात शिरावं लागतं. आणि दुसऱ्याच्या मनात शिरायचा परवाना माणसानं फक्त कादंबरीला दिलेला आहे.

नयनतारा सहगल यांची ‘रिच लाइक अस’ मी म्हणूनच महत्त्वाची मानते. ती १९८५ ची, १९८६ चा साहित्य अकादमी पुरस्कार तिला मिळाला. आणीबाणी लागून महिनाभर झालेली, दिल्लीतलं श्रीमंत घर, परदेशी पाहुणा जेवायला आलेला, आणि सगळं कसं छान चाललं आहे हे त्याला सांगणं चालू. सोनाली नावाची एक प्रामाणिक अधिकारी बाई एका थंड पेयाच्या कारखान्याला परवानगी नाकारते आणि एका दिवसात तिची खुर्ची जाते. जागेवर येतो तो तिचाच जुना मित्र. कुणी कुणाला मारत नाही, ओरडत नाही. फाईल या टेबलावरून त्या टेबलावर जाते, इतकंच. याच घरात रोझ नावाची इंग्रज बाई आहे, म्हाताऱ्या मालकाची दुसरी बायको. दारात येणाऱ्या हात तोडलेल्या भिकाऱ्याकडे माणूस म्हणून बघणारी तीच एक. शेवटी तिचाच जीव जातो आणि घराचं काही बिघडत नाही.

या कादंबरीच्या मधोमध सोनालीला आजोबांनी लिहिलेले कागद सापडतात. त्यात त्यांच्या आईच्या सती जाण्याची हकिगत आहे. पहिल्यांदा वाचताना मला हा भाग उपरा वाटला होता. आणीबाणीच्या गोष्टीत सती कुठून आली? दुसऱ्यांदा वाचताना जोड लक्षात आली. सतीच्या चितेभोवतीही गर्दी असायचीच की. पेटवणारा एक, ढोल वाजवणारे चार, आणि बघणारं सगळं गाव. बघणाऱ्यांनी काहीच केलेलं नव्हतं. त्यांनी हात जोडले होते फक्त. लेखिका विचारते आहे की हा जमाव १९७५ मध्ये कुठून आला, आणि दाखवते आहे की तो कुठून येत नाही, तो आपल्या घरात आधीपासूनच बसलेला असतो.

सहगल बाई या नेहरूंच्या भाची, म्हणजे इंदिरा गांधींच्या आतेबहीण. स्वतःच्या मामेबहिणीच्या राज्याविरुद्ध त्यांनी लिहिलं. त्यांचे वडील रणजित पंडित मराठी घरातले, काठेवाडात वाढलेले संस्कृतचे विद्वान. ‘राजतरंगिणी’चं इंग्रजी भाषांतर त्यांनी केलं, आणि इंग्रजांच्या तुरुंगात तब्येत खचून १९४४ मध्ये ते गेले. म्हणजे या लेखिकेनं इंग्रजांचा तुरुंगही घरातून पाहिला होता आणि स्वदेशी तुरुंगही. एकाचा राग करायचा आणि दुसऱ्याला शिस्त म्हणायचं हे तिला जमलं नाही.

आता एक घरातली गोष्ट सांगते. आणीबाणीत मी पाच-सहा वर्षांची होते, त्यामुळे मला स्वतःला काही आठवत नाही. ही गोष्ट मला माझ्या मावशीनं सांगितली, तीही फार नंतर, वाटाण्याच्या शेंगा सोलता सोलता. मावशीचे यजमान खानदेशात एका गावी प्राथमिक शिक्षक होते. १९७६ मध्ये नसबंदीच्या ‘केसेस’ आणल्याशिवाय पगार निघणार नाही असं वरून सांगितलं गेलं. हे तेव्हा अनेक ठिकाणी झालं. शिक्षक, तलाठी, ग्रामसेवक सगळ्यांच्या मागं आकडे लावले होते. त्या एका वर्षात देशात ऐंशी लाखांहून जास्त शस्त्रक्रिया झाल्या. सोलापूर जिल्ह्यातल्या बार्शीत तर जानेवारी १९७६ मध्ये रस्त्यावरून माणसं धरून नेली होती. आपल्या महाराष्ट्रानं सक्तीच्या नसबंदीचं विधेयक विधिमंडळात मंजूरही केलं होतं. राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही म्हणून कायदा झाला नाही.

काकांचा पगार दोन महिने अडकला. घरात तीन मुलं आणि सासूबाई. काकांनी दोन माणसं आणली. दोघंही शेतमजूर, दोघांचीही मुलं काकांच्याच वर्गात. एकाला चार मुलं होती. दुसऱ्याला एकच, तीही मुलगी, आणि ती पुढं दोन वर्षांत तापानं गेली. पगार निघाला. मावशी म्हणाली, ‘‘त्या पगाराचा मी किराणा भरला. गूळ, तेल, डाळ. पहिल्या दिवशी मी पुरणपोळी केली बघ.’’ मग थोडा वेळ शेंगा सोलत राहिली आणि म्हणाली, ‘‘त्याच्या बायकोनं मला कधी काही म्हटलं नाही. विहिरीवर भेटायची. पण माझ्या आधी कधी पाणी काढायची नाही. मास्तरीणबाई आल्या म्हणून बाजूला व्हायची. मला ते जास्त लागायचं.’’

काका आता नाहीत. ते वाईट माणूस नव्हते. माझ्या शाळेच्या फीचे पैसे त्यांनी भरलेले आहेत. त्यांनी त्या माणसावर हातही उगारला नाही, नुसतं सांगितलं की माझं एवढं काम करा. मास्तरांनी सांगितलं म्हणून तो आला. यात कृत कुणाचं, कारित कुणाचं? आणि त्या पुरणपोळीचं काय नाव?

इथं नेहमी निघणारा एक आक्षेप मी आधीच घेते. लोक म्हणतात, आणीबाणीला हुकूमशाही म्हणून चिली-कोरियाच्या पंगतीत बसवू नका. तिथं हजारोंनी माणसं मारली, गायब केली. इथं एकवीस महिन्यांनी निवडणूक झाली, सरकार हरलं, घरी गेलं, आणि आमच्या सुरतेचा माणूस तुरुंगातून निघून पंतप्रधान झाला. हे खरं आहे आणि ते नाकारण्यात अर्थ नाही. दुःख मोठं करून सांगणं हाही खोटेपणाच. पण मोजमाप इतिहासकारासाठी असतं. विहिरीवर बाजूला होणाऱ्या त्या बाईला ‘चिलीत याहून वाईट झालं’ हे सांगून काय होणार? तिची एकच मुलगी होती.

शिवाय राज्यकर्त्यांची दडपशाही ओळखायला आणीबाणीच लागते असंही नाही. महाश्वेतादेवींची ‘हजार चुराशिर माँ’ ही आणीबाणीच्या आधीची, १९७० च्या सुमारच्या कलकत्त्यातली. तेव्हा तिथं निवडून आलेली सरकारं आणि राष्ट्रपती राजवट आलटून पालटून चालू होती. गोविंद निहलानींचा १९९८ चा चित्रपट पुष्कळांनी पाहिला असेल, जया बच्चनचा. सुजाताचा मुलगा व्रती मारला जातो, आणि शवागारात तो एक हजार चौऱ्याऐंशी नंबरचा मृतदेह होतो. बाप सगळ्यात आधी काय करतो, तर पेपरात मुलाचं नाव येऊ नये म्हणून ओळखी शोधायला धावतो. दोन वर्षांनी, नेमक्या त्याच तारखेला, घरात मुलीच्या साखरपुड्याची पार्टी असते. आईनं दिवसभर मुलाचा शोध घ्यायचा आणि संध्याकाळी पाहुण्यांसमोर नटून उभं राहायचं. व्रतीबरोबर मेलेल्या सोमूची आई गरीब घरातली. ती मोकळ्यानं हंबरडा फोडते. सुजाताला तेवढीही मुभा नाही, कारण तिच्या घरात रडणं म्हणजे घराविरुद्ध साक्ष देणं.

हे वाचताना माझा हात थांबला होता, कारण ही गोष्ट आपल्या सगळ्यांच्या ओळखीची आहे. विसरण्याचं काम घरात वाटून दिलेलं असतं आणि ते बहुतेक वेळा बायकांच्या वाट्याला येतं. पाहुणे येणार आहेत, डोळे पुसून घे. घरचं बाहेर नको. देशात हुकूमशहा जे सेन्सॉर कचेरी काढून करतो ते घरात पदरानंच होतं. म्हणून बाई जेव्हा लिहायला बसते तेव्हा तिला दोन सेन्सॉर ओलांडावे लागतात. सरकारी सेन्सॉर १९७७ मध्ये उठला. दुसरा उठल्याचं मी कुठं वाचलेलं नाही.

पण याची दुसरी बाजू आहे आणि ती सोपी नाही. आठवण ठेवा, आठवण काढा, असं आपण म्हणतो तेव्हा ते कुणाला म्हणतो? हान कांग यांच्या कादंबरीत एक बाई आहे. तरुणपणी कारखान्यात काम करणारी, ग्वांगजूनंतर पकडलेली, तिच्या शरीरावर जे अत्याचार झाले ते ती कुणाला सांगू शकलेली नाही. अनेक वर्षांनी एक संशोधक तिच्याकडे येतो, साक्ष मागतो. त्याचा हेतू चांगला आहे. तो तिला टेप देतो, वेळ मिळेल तेव्हा बोला म्हणतो. ती ते यंत्र समोर ठेवून बसते आणि बोलू शकत नाही. लेखिका आपल्याला तिच्या मनात नेते, आपल्याला सगळं कळतं, पण त्या टेपवर काही येत नाही. आता विचारा, इथं कोण बरोबर? साक्ष नसेल तर अपराधी सुटतात. आणि साक्ष मागणं हीही त्या बाईवर पुन्हा एक बळजबरीच.

हान कांग स्वतः ग्वांगजूत जन्मलेल्या, पण ते हत्याकांड घडण्याच्या काही महिने आधी त्यांचं कुटुंब सोलला गेलं होतं. त्या तेव्हा नऊ वर्षांच्या. पुढं वडिलांच्या कपाटात उलटं ठेवलेलं फोटोंचं पुस्तक त्यांनी चोरून पाहिलं. म्हणजे त्या वाचलेल्यांपैकी, भोगलेल्यांपैकी नव्हेत. आपण वाचलो, मग आपल्याला लिहायचा हक्क आहे का, ही कुरतड त्या पुस्तकात पानोपानी जाणवते. मला ती कुरतड फार विश्वासार्ह वाटते. जिला ती नाही तिनं दुसऱ्याच्या जखमेवर कादंबरी लिहू नये.

यावर आमच्या भिशीतली एक मैत्रीण म्हणाली, ‘‘मग सोडून द्यावं ना. क्षमा करावी. आपल्यात तर वर्षातून एकदा सगळ्यांची क्षमा मागतात.’’ मागतात, खरं आहे. संवत्सरीला आम्ही ‘मिच्छामि दुक्कडं’ म्हणतो, हल्ली मोबाईलवरून एकदम दोनशे जणांना पाठवतो. पण त्याच्या आधी प्रतिक्रमण असतं, आणि प्रतिक्रमणात दोष विसरायचे नसतात, एकेक करून आठवायचे असतात. कुठल्या जीवाला, कशानं, मनानं की वाणीनं की कायेनं. आलोचना केल्याशिवाय क्षमापना होत नाही. शिवाय क्षमेला दोन माणसं लागतात, मागणारा आणि देणारा. विसरायला एकच पुरतो. म्हणून आपण विसरण्याला क्षमा म्हणतो तेव्हा बहुधा दुसरा माणूस तिथं बोलावलेलाच नसतो. माझ्या काकांनी विहिरीवरच्या त्या बाईची क्षमा मागितली नाही, तिनं दिलीही नाही. त्या दोन घरांच्या मध्ये जे होतं ते पन्नास वर्षं तसंच पडून राहिलं आणि आपण सगळ्यांनी त्याला शांतता म्हटलं.

एक आठवण आता सरकारही ठेवतं. आणीबाणीत तुरुंगात गेलेल्यांना महाराष्ट्रानं मानधन दिलं. २०२४ मध्ये केंद्र सरकारनं २५ जून हा ‘संविधान हत्या दिवस’ म्हणून जाहीर केला. ज्यांनी सोसलं त्यांचा मान व्हावा, यात वाद नाही. पण या आठवणीत तुरुंगात गेलेला असतो, तुरुंगात टाकणारी असते आणि मधलं कुणीच नसतं. बार्शीच्या रस्त्यावरून उचललेल्या माणसाला त्यात जागा नाही, पगारासाठी माणसं आणणाऱ्या मास्तरांना नाही, आणि ‘गाड्या वेळेवर यायच्या’ म्हणणाऱ्या आपल्या पाहुण्यांना तर नाहीच. सरकार कुठल्याही पक्षाचं असो, त्याला आठवण हवी असते ती दुसऱ्याच्या दोषाची.

याचा एक दाखला आपल्याच भाषेच्या अंगणात घडला. जानेवारी २०१९ मध्ये यवतमाळला साहित्य संमेलन होतं, अध्यक्ष अरुणा ढेरे. उद्घाटनाला नयनतारा सहगल यांना बोलावलं होतं. त्यांनी पाठवलेल्या भाषणात आजच्या काळाबद्दलही बोललेलं होतं. इंग्रजीत लिहिणाऱ्या बाई मराठी संमेलनाला कशाला, असा आक्षेप निघाला, आणि संमेलन तोंडावर असताना निमंत्रण मागं घेतलं गेलं. नव्वदी ओलांडलेली, मराठी बापाची लेक. जिनं आणीबाणीवर कादंबरी लिहिली तिचंच भाषण आपण ऐकून घेऊ शकलो नाही. अरुणाताईंनी आपल्या भाषणात त्याबद्दल नापसंती बोलून दाखवली, आणि ते न झालेलं भाषण सगळ्या महाराष्ट्रानं वाचलं, ते वेगळं. पुढं उद्घाटन केलं ते त्याच जिल्ह्यातल्या वैशाली येडे यांनी, आत्महत्या केलेल्या शेतकऱ्याच्या पत्नीनं. एका बाईची जागा दुसऱ्या बाईनं भरली, आणि तीही काही गोड बोलायला उभी राहिली नव्हती. मला त्या दोघींत विरोध दिसत नाही. एकीनं सत्तेच्या घरातून पाहिलं, दुसरीनं सोसणाऱ्या घरातून. मधलं घर कुणी बोललं नाही. ते आपलं.

म्हणून मराठीत बायकांनी ही कादंबरी लिहावी असं मला वाटतं, आणि ती तुरुंगापासून सुरू होऊ नये असंही वाटतं. तुरुंगाचं ज्यांनी भोगलं त्यांनी लिहून ठेवलेलं आहे. तुम्हीआम्ही ती कोठडी कल्पनेनं रंगवायला गेलो तर फार तर हळवेपणा होईल, आणि वर नायिकेच्या जागी स्वतःला बसवण्याचा मोह आहेच. प्रत्येकीला वाटतं, मी असते तर दुर्गाबाईंसारखी उभी राहिले असते. कऱ्हाडच्या मंडपात दुर्गाबाई एकच होत्या. बाकीचे त्यांनी सांगितल्यावर उभे राहिले.

माझ्या मावशीची गोष्ट मी कधीतरी लिहीन. तिला विचारलंही. ती म्हणाली, ‘‘माझं लिही, तुझ्या काकांचं लिही. त्या बाईचं लिहू नको. तिनं मला काही सांगितलेलं नाही.’’ मावशी सातवी शिकलेली, तिनं यातलं एकही पुस्तक वाचलेलं नाही. पण दुसऱ्याच्या दुःखावर आपला हक्क कुठपर्यंत चालतो याचा याहून नेमका नियम मला कुठल्या पुस्तकात मिळालेला नाही. आपल्या घरात जे झालं, जे करवलं गेलं, ज्याला मनानं होकार दिला गेला, ते नावानिशी आणि पुरणपोळीनिशी लिहावं. पलीकडच्या घराचं दार कथेत दाखवावं, पण ते आतून उघडेल तेव्हाच उघडावं.

त्या गावी आता नळ आले आहेत आणि विहीर बुजवली आहे. त्या माणसाची बायको आहे की नाही, मावशीला ठाऊक नाही. पण त्याच्या पुतण्याची नात यंदा तालुक्याच्या कॉलेजात मराठी घेऊन बी. ए. करते आहे, असं तिनं सांगितलं. त्या घराची गोष्ट लिहायची झाली तर ती लिहील. तोवर आपण आपली लिहून ठेवावी, म्हणजे तिला ताडून बघता येईल.